आर्क्टिकमधलं झूप्लँक्टन: मोजणीत ऑइथोना पहिला, मग सगळे कॅलानसबद्दलच का बोलतात?

सागरवेडी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, एमएस्सी मरीन बायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सेमिनारला विषय घेतलाय आर्क्टिक समुद्रातलं झूप्लँक्टन (पाण्यासोबत वाहणारे बारीक प्राणी), म्हणजे कोण कोण असतं आणि कुठे कुठे असतं. केस म्हणून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचा काँग्सफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधे आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) घेतला कारण आपलं, म्हणजे भारताचं, हिमाद्री संशोधन स्टेशन त्याच्याच काठावर न्यू-ओलेसुंदला आहे आणि त्या फ्योर्डवर वाचायला भरपूर मिळतं.

अडचण अशी झालीये की पेपर उघडला की टेबलमधे संख्येने ऑइथोना सिमिलिस सगळ्यात वर, मग सूडोकॅलानस (दोन्ही कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवले प्राणी), मधेच खडकाला चिकटणाऱ्या बार्नॅकलची पिल्लं नाहीतर शिंपल्यांची पिल्लं, आणि कॅलानस (तोही कोपेपॉडच) बऱ्याचदा त्यांच्या खाली. आणि खाली डिस्कशन वाचायला घ्यावं तर पानंच्या पानं फक्त कॅलानस. म्हणजे जो संख्येने कमी आहे त्याच्यावर एवढं प्रेम का? बरं कॅलानसच्या तीन जाती, ग्लेशियालिस, हायपरबोरियस आणि फिनमार्किकस, आणि प्रत्येक पुस्तकात लिहिलंय की पहिली आर्क्टिक शेल्फची (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राची), दुसरी खोल समुद्राची, तिसरी अटलांटिकची, पण काँग्सफ्योर्डच्या एकाच जाळ्यात तिन्ही सापडतात, मग वितरणाचा नकाशा काढायचा तरी कसा?

आपल्याकडे किनाऱ्यावर एक हॉल मारला (जाळं एकदा ओढलं) तर कोपेपॉडच्याच डझनावारी जाती निघतात, वर जवळा वगैरे वेगळाच. तिकडे जाती इतक्या कमी आणि तरी देवमाशापर्यंत सगळे त्याच्यावर जगतात हे मला नीट उमगत नाहीये. कोणी या विषयात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, सर विचारणार हे नक्की.

ट्रॉम्सोकर

ताई प्रश्न फार चांगला विचारलात. मी इथे नॉर्वेत प्लँक्टनच्या लॅबमधे टेक्निशियन आहे, रोज हेच नमुने डोळ्याखाली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, संख्या म्हणजे फक्त डोकी मोजणं. ऑइथोना पूर्ण वाढलेला असला तरी एक मिलिमीटरच्या आत, आणि कॅलानस हायपरबोरियसची मादी सहा-सात मिलिमीटरची, आता लांबी सात-आठपट झाली की वजन शेकडो पटीत जातं. म्हणून टेबलमधे संख्येच्या शेजारी कोरड्या वजनाचा कॉलम टाकलात की क्रम पूर्ण उलटतो आणि तिन्ही कॅलानस मिळून बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त वजन घेऊन बसतात. सेमिनारमधे हे दोन कॉलम शेजारी शेजारी दाखवा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

पण खरी गोष्ट वजनाचीही नाही, चरबीची आहे. तिकडे वर्षातले काही महिने सूर्यच उगवत नाही, शेवाळ वाढतं ते वसंतात आणि उन्हाळ्यात थोडे आठवडे, तेवढ्यात जे खायचं ते खाऊन उरलेलं वर्ष काढायचं. कॅलानस हे अन्न वॅक्स एस्टर नावाच्या चरबीत बदलून अंगात साठवतो. ताजा नमुना पेट्री डिशमधे घेऊन स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा, काचेसारखं पारदर्शक अंग आणि आत डोक्याच्या मागून शेपटीकडे गेलेली तेलाची लांबट पिशवी, शरद ऋतूतल्या प्राण्यात तर ती पिशवी इतकी फुगलेली असते की बाकीचे अवयव कडेला दाबले गेलेले दिसतात. कोरड्या वजनाच्या ६० टक्के आणि कधी त्याहून जास्त नुसती चरबी. पोलर कॉड मासा, लिटिल ऑक पक्षी, बोहेड देवमासा, सगळे या पिशवीसाठी कॅलानसच्या मागे असतात. ऑइथोनात अशी भली मोठी पिशवी नाही, तो वर्षभर थोडं थोडं खाऊन जगतो, त्याचं महत्त्व वेगळं आहे, पण देवमाशाला तो परवडत नाही.

आता तीन जातींचं. तिघी चरबी साठवतात पण ती खर्च करायची प्रत्येकीची पद्धत निराळी. हायपरबोरियस पूर्णपणे साठवलेल्या भांडवलावर जगते, भर हिवाळ्यात खोल अंधारात काहीही न खाता अंडी घालते, अंडी तेलकट म्हणून हळूहळू वर तरंगत येतात आणि वसंतापर्यंत पिल्लं वर पोचतात. तिचं आयुष्यही मोठं, दोन ते पाच वर्षं. ग्लेशियालिस मधली, थोडं साठवणीवर थोडं ताज्या अन्नावर, बर्फाच्या खालच्या अंगाला जे शेवाळ लागतं ते लवकर येतं, ते खाऊन मादी अंडी घालते आणि मोकळ्या पाण्यातलं शेवाळ फुलेपर्यंत पिल्लं खाण्याच्या वयाची झालेली असतात. दोन बहर, एक आईसाठी आणि एक पिल्लांसाठी, इतकं बरोबर जुळवलेलं आहे हे. एक किंवा दोन वर्षांत चक्र पूर्ण. आणि फिनमार्किकस ताज्या कमाईवर अंडी घालते, वर्षात एक पिढी, नॉर्वेजियन समुद्र हे तिचं घर.

यातून नकाशाचं उत्तर येतं. नकाशा जातींचा काढू नका, पाण्याचा काढा. स्वालबार्डच्या पश्चिमेने वेस्ट स्पिट्सबर्गन प्रवाह अटलांटिकचं कोमट खारं पाणी फ्राम सामुद्रधुनीतून उत्तरेला नेतो, त्याच्यासोबत फिनमार्किकस जाते. ग्रीनलंडच्या कडेने ईस्ट ग्रीनलंड प्रवाह ध्रुवाकडचं गार पाणी खाली आणतो, त्यात हायपरबोरियस जास्त, आणि ग्रीनलंड समुद्र तर तिचं माहेरच. बॅरेंट्सचा उत्तर भाग, कारा, लापतेव्ह, बोफर्ट अशा उथळ शेल्फवर ग्लेशियालिस. फ्राममधून आत गेलेलं अटलांटिक पाणी पुढे गार आणि गोड्या पाण्याच्या थराखाली बुडतं आणि दोनशे मीटरच्या खालून खोऱ्याच्या काठाकाठाने पूर्वेला वाहत राहतं, त्यात फिनमार्किकस सापडते पण जसजसं पूर्वेला जावं तसतशी विरळ होत जाते, कारण तिथे तिची पुढची पिढी तगत नाही. ती तिथली रहिवासी नव्हे, प्रवाहाने वाहून नेलेली. हा फरक सेमिनारमधे ठासून सांगा, सापडणं वेगळं आणि नांदणं वेगळं.

काँग्सफ्योर्डच्या तोंडाशी पाणी अडवेल असा उंबरठा नाही, म्हणून बाहेरचं अटलांटिक पाणी थेट आत शिरतं आणि एकाच जाळ्यात तिघी भेटतात. कोण जास्त हे त्या वर्षी कुठलं पाणी आत आलं त्यावर. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिक पाणी मोठ्या प्रमाणात आत आलं आणि त्यानंतर फ्योर्डच्या बर्फाचं गणितच बदललं. तिथूनच दक्षिणेला हॉर्नसुंद फ्योर्ड आहे, तो दक्षिणेला असूनही जास्त आर्क्टिक, कारण किनाऱ्याकिनाऱ्याने येणारं गार पाणी त्याला आधी लागतं, तिथे ग्लेशियालिसचं प्रमाण जास्त. उत्तर-दक्षिण या हिशोबाने नकाशा काढला असता तर हे उलटं वाटलं असतं.

खारं_पाणी_वास्को

ट्रॉम्सोकर यांनी फार छान लिहिलंय. मी गोव्यात बरीच वर्षं सॉर्टिंगचं काम केलंय, अरबी समुद्राचे नमुने जास्त पण ध्रुवीय नमुनेही हाताखालून गेलेत, म्हणून नमुन्याच्या बाजूने थोडं.

बाळ, तू जे टेबल बघतेयस त्यात पहिल्यांदा जाळ्याची मेश, म्हणजे भोकांचा आकार, किती ते बघ. जुने बरेच नमुने २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या मेशने घेतलेत, तेवढ्या भोकांतून ऑइथोनाची लहान पिल्लं, मायक्रोकॅलानस, ट्रायकोनिया असे बारके कोपेपॉड हे सगळे सुळ्ळकन निघून जातात. म्हणजे टेबलमधे वर दिसणारा ऑइथोनाही खरं तर कमी मोजलेला आहे. साठ मायक्रॉनच्या आसपासच्या मेशने तोच हॉल मारला तर आकडा कितीतरी वर जातो. दोन पेपरची तुलना करताना मेश वेगळी असेल तर संख्येची तुलना करूच नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते कारण चांगल्या चांगल्या मुलांचे प्रोजेक्ट यात वाकडे गेलेले बघितलेत.

दुसरं म्हणजे ओळख. हायपरबोरियस ओळखायला सोपी, आकार मोठा आणि छातीच्या शेवटच्या खंडाचे दोन्ही कोपरे टोकदार, बाजूने धरलं की काट्यासारखे दिसतात, बाकी दोघींचे गोल. पण ग्लेशियालिस आणि फिनमार्किकस म्हणजे जुळ्या बहिणी. वर्षानुवर्षं सगळ्यांनी लांबी मोजून वेगळ्या केल्या, पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत (पूर्ण वाढ व्हायच्या आधीची शेवटची पायरी) साधारण २.९ मिलिमीटरची रेघ मारायची, वरची ती ग्लेशियालिस, खालची ती फिनमार्किकस. डीएनए तपासायला लागल्यावर कळलं की या रेघेच्या दोन्ही बाजूला दोघीही सापडतात, ग्लेशियालिस लहानही असते. विशेषतः फ्योर्डमधे. त्यामुळे जुन्या पेपरमधे फिनमार्किकसचा आकडा फुगलेला असण्याची दाट शक्यता आहे. ताज्या नमुन्यात ग्लेशियालिसच्या मिशा लालसर दिसतात असंही म्हणतात, पण त्यावर सगळीकडे विसंबता येत नाही आणि फॉर्मॅलिनमधे रंग उडतो, मग बाटलीतला नमुना बघून तर काहीच सांगता येत नाही. सेमिनारमधे 'अटलांटिक जात वाढली' असं म्हणायच्या आधी ओळख लांबीवरून केली की डीएनएवरून हे नक्की सांग.

आणि फक्त कोपेपॉडवर थांबू नकोस गं. संख्येत ते ८० टक्क्यांच्या वर असतात बहुतेक नमुन्यांत, पण बाकीचेही महत्त्वाचे. थेमिस्टो लिबेलुला हा ऍम्फिपॉड (कोळंबीच्या नात्यातला आणखी एक गट), मोठे काळे डोळे, कॅलानस खातो आणि स्वतः सील आणि माशांचं खाणं होतो. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून राहणारे अफेरुसा आणि गॅमरस हे ऍम्फिपॉड वेगळे, बर्फ गेला की त्यांची जागाच जाते. लिमासिना हेलिसिना ही पंखांनी पोहणारी इवलीशी गोगलगाय, शंख अरॅगोनाइटचा म्हणून पाणी आम्लधर्मी झालं की पहिला त्रास तिला, आणि तिच्यावरच जगणारी क्लायोनी लिमासिना, तिला शंख नाही. बाणकिडे आहेत, मर्टेन्सिया नावाची कोंब जेली आहे. क्रिल आहे, थायसानोएसा वगैरे. क्रिलचं नाव आलं की आपल्याकडची मुलं जवळा म्हणून मोकळी होतात, पण जवळा म्हणजे ॲसिटिस, ती वेगळ्या गटातली कोळंबी, क्रिल नव्हे.

जाती कमी का असं विचारलंस, त्याचं एक कारण ट्रॉम्सोकरांनी दिलंच, इतकं हंगामी अन्न सांभाळणारे थोडेच. शिवाय आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला समुद्र, आत यायच्या वाटा मोजक्या.

पक्षीवेडा_नाशिक

विषय माझा नाही पण लिटिल ऑकचं नाव वाचून थांबलो. मैनेएवढा हा पक्षी, स्वालबार्डच्या आणि ग्रीनलंडच्या दगडी उतारांवर लाखोंनी वीण करतो आणि पिल्लाला गळ्याच्या पिशवीतून कोपेपॉड आणून भरवतो. पूर्व ग्रीनलंडच्या एका अभ्यासात हिशोब केला होता की पिल्लं वाढवणाऱ्या एका पक्ष्याला दिवसाला साठ हजाराच्या आसपास कोपेपॉड लागतात, म्हणजे पाण्याखाली असताना सेकंदाला सहा वगैरे. आता मोठी चरबीवाली ग्लेशियालिस जाऊन लहान फिनमार्किकस आली तर हा बिचारा एवढे घास वाढवणार कसे? फिनमार्किकस मधे चरबी कितीतरी कमी असते असं वाचलंय. मला तर हे सरळ सरळ संकट वाटतं, आणि तुम्ही दोघं इतक्या शांतपणे 'पाणी बदललं' असं लिहिताय.

ट्रॉम्सोकर

@पक्षीवेडा_नाशिक तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तर मी तुमच्याच मताचा आहे. लिटिल ऑक एक एक कोपेपॉड निवडून पकडतो, त्यामुळे घासाचा आकार त्याला सगळ्यात जास्त बाधतो, आणि अटलांटिक पाण्याच्या भागात वीण करणारे पक्षी चांगल्या घासासाठी जास्त लांब उडत जातात हे निरीक्षणांत आलंय.

पण 'लहान आली म्हणजे एकूण चरबी कमी झाली' हे मला पटत नाही. एका प्राण्यातली चरबी कमी, बरोबर, पण लहान प्राणी लवकर वाढतो, पिढी वर्षात पूर्ण करतो, गरम पाण्यात अजून वेगाने. मग समुद्राच्या एका चौरस मीटरखाली वर्षभरात तयार होणारी चरबी कमी होईलच असं नाही, ती वाढूही शकते. इथे शास्त्रज्ञांमधेही दोन तट आहेत. माझं म्हणणं असं की प्रश्न 'किती' चा कमी आणि 'कोणाला मिळते' चा जास्त. जो मासा तोंड उघडून पाणी गाळतो त्याला लहान घास चालतो, हेरिंग आणि कॅपेलिन मजेत राहतील. लिटिल ऑक, पोलर कॉड यांना नाही चालत. म्हणजे समुद्र उपाशी पडेल असं नाही, पण पंगतीत कोण बसणार ते बदलेल. मला स्वतःला हेच जास्त वाईट वाटतं, कारण ज्यांची जागा जाणार आहे त्यांना सरकायला आणखी उत्तरेची जागा उरलेलीच नाही.

आणि ताई, बेरिंगच्या बाजूचं एक उदाहरण घ्याच. सामुद्रधुनी फक्त पन्नासेक मीटर खोल, तिच्यातून पॅसिफिकचे निओकॅलानस, युकॅलानस बुंगेई असे मोठे कोपेपॉड दर उन्हाळ्यात चुकची समुद्रात वाहत येतात, पोटभर खातात, अंगात चरबीही साठवतात. पण हिवाळ्याची झोप घ्यायला त्यांना शेकडो मीटर खोल पाणी लागतं आणि चुकचीचं शेल्फ उथळ, मग उतरणार कुठे? तिथेच संपतात नाहीतर कोणाच्या तरी पोटात जातात. पुढच्या वर्षी नवीन येतात. टेबलमधे मात्र दरवर्षी ते दिसतात आणि कच्चा वाचक समजतो की इथे स्थायिक झाले. सायबेरियाच्या बाजूला तिसराच प्रकार, ओब, येनिसेई, लेना या नद्या एवढं गोडं पाणी सोडतात की किनाऱ्याजवळ ड्रेपॅनोपस बुंगेई, लिम्नोकॅलानस असे मचूळ पाण्याचे कोपेपॉड भरलेले असतात आणि कॅलानस बाहेरच्या खाऱ्या पाण्यात थांबते.

सागरवेडी_रत्नागिरी

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार!! सापडणं वेगळं आणि नांदणं वेगळं हे स्लाइडच करते. मावशी, मेशचं मी खरंच बघितलं नव्हतं, आता माझ्या टेबलमधे तो कॉलम टाकलाय आणि अर्ध्या तुलना काढून टाकाव्या लागल्या.

अजून एक विचारते, उभ्या वितरणाबद्दल. आपल्याकडे शिकवतात की झूप्लँक्टन रात्री वर येतं आणि दिवसा खाली जातं, शिकाऱ्याला दिसू नये म्हणून. तिकडे चार महिने रात्रच असेल तर मग काय होतं? सगळे खाली झोपलेले असतात का?

खारं_पाणी_वास्को

आधी असंच समजत होते सगळे, की ध्रुवीय रात्रीत पाणी निपचित असतं. कॅलानस खरंच खाली जाते, शरद ऋतूत पाचशे मीटर नाहीतर त्याहून खोल उतरते आणि झोपते, फ्योर्डमधे जेवढी खोली मिळेल तेवढ्यात भागवते. जाताना अंगातली चरबी म्हणजे कार्बनच की, तो पण खाली जातो आणि तिथेच श्वासातून खर्च होतो, म्हणून याला आता कार्बनच्या हिशोबातही धरतात.

पण बाकीचे जागे असतात. काँग्सफ्योर्डमधेच पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारी यंत्रं ठेवून २००९ च्या सुमारास दाखवलं की भर ध्रुवीय रात्रीतही काही प्राणी रोज वर-खाली करतात, दुपारी आकाशात माणसाच्या डोळ्याला जाणवणार नाही इतका जो उजेड असतो तेवढाही त्यांना पुरतो. पुढे २०१६ मधे आणखी कळलं की सूर्य नसताना ते चंद्राचं घड्याळ पाळतात, २४ तासांऐवजी २४.८ तासांचा दिवस, आणि पौर्णिमेच्या सुमारास सगळा जथा पन्नासेक मीटर खाली सरकतो. मेट्रिडिया लाँगा बघ, ती हिवाळ्यात जागी राहून खाते, अंगातून निळसर प्रकाशही सोडते, तिच्यातलं ते प्रकाश देणारं एन्झाइम आज पेशींच्या प्रयोगांत वापरतात.

यात नमुना घेणाऱ्यांसाठी मोठी गोम आहे. जहाजाचे दिवे लागलेले असले की प्राणी पळतात, २०२० मधे मोजलं तेव्हा दोनशे मीटर खोलीपर्यंत फरक पडलेला दिसला. म्हणजे हिवाळ्यातले जाळ्याचे आकडे वाचताना दिवे चालू होते की बंद हेही बघायला हवं, पण ते सहसा लिहिलेलंच नसतं.

आपल्या एनसीपीओआरने (गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) २०१४ मधे त्याच फ्योर्डमधे १९२ मीटर खोल पाण्यात इंडआर्क नावाचं मूरिंग (तळाला नांगरून ठेवलेला यंत्रांचा संच) सोडलं, तापमान-खारटपणाची वर्षभराची नोंद देणारं. ते पाण्याचे आकडे तुझ्या प्राण्यांच्या टेबलशेजारी ठेव, म्हणजे कुठल्या महिन्यात अटलांटिक पाणी आत आलं आणि त्या महिन्यात कोण वाढलं हे एका ग्राफवर येईल. आणि आर्क्टिक मोहिमेसाठी एनसीपीओआरवाले प्रस्ताव मागवतात, पीएचडीला लागलीस की साइटवर लक्ष ठेव. स्लाइड झाल्या की इथे टाक, मी ओळखीच्या खुणा एकदा तपासून देते, मादीच्या पाचव्या पायाचं चित्र मात्र स्वतः काढ, नेटवरून उचलू नकोस, हाताने काढल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही.